एफ२ दाबून दाबून बोट दुखलं, तरी विंडोजच उघडतंय

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात पेन ड्राइव्हवरून विंडोज कसं टाकायचं ते लिहिलं होतं, आठवत असेल. त्यात एके ठिकाणी मी लिहून मोकळा झालो की मशीन चालू करताना डिलीट दाबा, बायोसमध्ये जा आणि बूट ऑर्डर (मशीननं आधी कुठल्या डिस्कवरून उठायचं तो क्रम) बदला. एवढी एकच ओळ. त्या ओळीवर या महिन्यात इतके मेसेज आलेत की प्रिंटर-बिंटरचे प्रश्न मी सरळ बाजूला ठेवलेत, ते पुढच्या वेळी बघू. चूक माझीच आहे, सांगलीतल्या माझ्या दुकानात दिवसभर डेस्कटॉप उघडायची सवय, बोट आपोआप डिलीटवर जातं, आणि वाचणाऱ्यांकडं लॅपटॉप आहेत हे लिहिताना डोक्यातच आलं नाही. तर आजचा सगळा अंक त्या एका ओळीची भरपाई समजा.

प्रश्न : दादा, तुमचं वाचून डिलीट दाबलं, काही झालं नाही. भाऊ म्हणाला एफ२ दाब, ते दाबलं तर विंडोज उघडलं आणि आवाजच कमी व्हायला लागला. मग मी एफ१ पासून एफ१२ पर्यंत सगळी दाबली, बोट दुखायला लागलं पण प्रत्येक वेळी विंडोजच उघडतंय. लेनोव्होचा आयडियापॅड आहे, सेकंडहँड घेतलाय, दिवाळीत त्यात एसएसडी टाकून घेतली. लॅपटॉपच खराब निघाला का हो? – एक वाचक ताई, तासगाव

उत्तर : ताई, लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. उलट तो जरा जास्तच चलाख झालाय आणि तीच तर अडचण आहे.

आधी हे का होतं ते सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. बटण दाबलं की सगळ्यात आधी विंडोज उठत नाही, मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम उठतो. तो रॅम बघतो, कीबोर्ड बघतो, डिस्क कुठाय ते बघतो आणि मग सगळा कारभार विंडोजच्या हातात देऊन बाजूला होतो. त्यालाच आपण बायोस म्हणतो. त्याच्या सेटिंगमध्ये जायचं तर त्यानं कारभार सोडायच्या आत त्याला हाक मारायला लागते, एफ२ काय आणि डिलीट काय, ती नुसती हाक. जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क होती, काळ्या स्क्रीनवर रॅमचे आकडे पळायचे, खाली 'प्रेस डिलीट टु एंटर सेटअप' असं लिहून यायचं, चहाचा घोट घेऊन सावकाश दाबलं तरी चालायचं. आता एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क आली आणि तो सगळा वेळच संपला. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी लिहून सांगितलं होतं की वेगवान मशीनवर की ओळखायला मिळणारा वेळ २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी उरलाय. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा पण नाही. एसटी स्टँडात न शिरता बाहेरच्या बाहेर निघून गेल्यावर आपण हात करून काय उपयोग, तसं झालंय तुमचं.

त्यात आणखी एक गंमत आहे जी बहुतेकांना उलटीच वाटते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला. तुम्ही शटडाउन म्हणता तेव्हा मशीन पूर्ण बंद होतच नाही, तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जसाच्या तसा ठेवून दिला जातो, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की तीच फाइल उचलून पुढं काम सुरू. रिस्टार्टला मात्र तसं नसतं, रिस्टार्ट म्हणजे खरोखर सगळं बंद करून पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळं दुकानात कोणी म्हणालं ना की 'रिस्टार्ट नको हो, मी शटडाउन करून नीट चालू केलंय' की मी काही न बोलता त्याच्यासमोर रिस्टार्ट करतो, आणि निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात. माझा धंदा बुडतोय पण असो.

आता उपाय. तुम्ही एसटीमागं पळूच नका, कंडक्टरलाच सांगा की थांबव. विंडोज चालू असताना स्टार्टमध्ये जा, पॉवरवर क्लिक करा, आणि शिफ्टची की दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा. शिफ्ट सोडायची नाही. निळी स्क्रीन येईल, तिच्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग युईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, मग रिस्टार्ट. मशीन बंद होऊन चालू होतं ते थेट बायोसमध्येच, कुठलीही एफ की न दाबता. शिफ्टचं जमत नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात रिकव्हरी, तिथं ॲडव्हान्स्ड स्टार्टअपसमोर रिस्टार्ट नाऊ आहे, त्यानंही हीच निळी स्क्रीन येते. विंडोज १० मध्ये तेच अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत रिकव्हरीत सापडतं.

पण तुमच्याकडं तर याहून सोपी वाट आहे आणि ती अंगावरच आहे. बऱ्याच आयडियापॅडना कडेला, चार्जरच्या पिनच्या आसपास किंवा दुसऱ्या बाजूला, एक बारीक भोक असतं, शेजारी वळलेल्या बाणाचं चित्र. लोकांना वाटतं रिसेटचं असेल, हात नको लावायला. ते नोव्हो बटण. लॅपटॉप पूर्ण बंद करा (शिफ्ट दाबून शटडाउन केलं की खरंखुरं बंद होतं), सिमकार्ड काढायची पिन नाहीतर कानातल्याची मागची काडी घ्या आणि त्या भोकात हळूच दाबा, आत टक असं लागतं. लॅपटॉप चालू होऊन चार ओळींचा मेनू येतो, त्यात बायोस सेटअप पण आहे आणि बूट मेनू पण.

आणि तुम्हाला नुसतं पेन ड्राइव्हवरून एकदा विंडोज टाकायचंय ना, मग बायोसमध्ये जाऊन ऑर्डर बदलायची गरजच नाही, हे मी मागच्या वेळी लिहायला पाहिजे होतं. बूट मेनू उघडा, पेन ड्राइव्ह निवडा, एंटर. पुढच्या वेळी मशीन परत आपल्या डिस्कवरूनच उठतं, काही निस्तरायला लागत नाही.

बाकीच्यांनी विचारलंय म्हणून कंपन्यांचं पण इथंच सांगून टाकतो. डेलला सेटअपसाठी एफ२, बूट मेनूसाठी एफ१२. एचपीला आधी एस्केप टकटक करायचं, मेनू आला की एफ१० म्हणजे बायोस आणि एफ९ म्हणजे बूट मेनू. एसरला एफ२, आणि त्याचा एफ१२ चा बूट मेनू बऱ्याचदा बायोसमध्येच बंद करून ठेवलेला असतो, तो आधी एनेबल करायला लागतो, यात लोक अर्धा दिवस घालवतात. असुसच्या लॅपटॉपला एफ२ आणि बूट मेनूला एस्केप. थिंकपॅडला एफ१. सुटे भाग जोडून केलेले डेस्कटॉप म्हणजे गिगाबाइट, एमएसआय, असुसचे बोर्ड, यांना डिलीटच, म्हणजे माझी ओळ तेवढ्यापुरती तरी बरोबर होती. सरफेस असेल तर आवाज वाढवायचं बटण धरून पॉवर दाबायचं. ज्या लॅपटॉपवर एफ२ म्हणजे आवाज कमी-जास्त आहे तिथं एफएन धरून एफ२ दाबून बघा. आणि की दाबून धरू नका, दरवाजा वाजवल्यासारखी टकटक करा, तीही लोगो दिसायची वाट न बघता बटण दाबल्याबरोबर. जुन्या मशीनवर दाबून धरलं तर बायोसला वाटतं कीबोर्डची कीच अडकलीय आणि ते कीबोर्डचा एरर दाखवून बसतं.

आत गेल्यावर एकच पथ्य. मोबाईल काढा आणि प्रत्येक पानाचा फोटो घ्या, मगच हात लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, सेव्ह करून बाहेर यायला बहुतेक ठिकाणी एफ१०. काही कळेनासं झालं तर सेव्ह न करता बाहेर पडा, नुसतं बघून आल्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : साताऱ्यात आमच्या घरी मुलानं हॉलमधल्या टीव्हीला सीपीयू जोडलाय, कीबोर्ड ब्लूटूथचा. डिलीट दाबतो पण काही दिसतच नाही, एकदम विंडोज. शिफ्टवालं कुणीतरी सांगितलेलं ते पण केलं, त्यात तो फर्मवेअरचा पर्यायच नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : काका, तुमच्याकडं तीन भानगडी एकत्र आहेत. टीव्हीला सिग्नल आल्यावर चित्र दाखवायला दोन-चार सेकंद लागतात, तोवर बायोसची स्क्रीन येऊन गेलेली असते, म्हणजे ती दिसत नाही पण येते. ब्लूटूथचा कीबोर्ड विंडोज उठल्यावर जोडला जातो, बायोसला तो माहितीच नसतो. कुणाकडून तरी साधा वायरचा कीबोर्ड आणा, सीपीयूच्या मागच्या बाजूच्या यूएसबीला लावा, पुढच्या नको, आणि अंधारातच टकटक सुरू ठेवा.

राहिला तो न दिसणारा पर्याय. तो नाही याचा अर्थ विंडोज जुन्या पद्धतीनं, लेगसी मोडमध्ये टाकलेलं आहे. मशीन बिघडलेलं नाही, फक्त शिफ्टची वाट तुम्हाला बंद, डिलीटचीच धरा.

प्रश्न : मी मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या अडत दुकानात अकाउंट बघतो. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की काळी स्क्रीन येते, सीएमओएस चेकसम असं काहीतरी, खाली एफ१ दाबा म्हणून. दाबलं की चालू होतो पण तारीख २०१२ ची. जीएसटीची साइट उघडत नाही, म्हणते तुमचं घड्याळ मागं आहे. तारीख मी रोज बदलतो, रोज परत जाते. मालक म्हणतात व्हायरस आहे. परवा घाईत टॅलीत दोन एंट्र्या पण २०१२ च्या पडल्या. – एक वाचक, सांगली

उत्तर : मालकांना सांगा व्हायरस नाही, सेल संपलाय. भिंतीवरच्या घड्याळाचा संपतो तसाच.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा चकचकीत सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. नावातच मापं आहेत, २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. लाईट नसताना मशीनमधलं घड्याळ चालू ठेवायचं आणि जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंगं लक्षात ठेवायची एवढंच त्याचं काम. तो संपला की मशीन सकाळी उठतं ते स्मरण गेल्यासारखं, तारीख त्याच्या जन्माच्या आसपासची सांगतं. साइट न उघडायचं कारणही तेच. प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक सर्टिफिकेट असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं, आता तुमचा कॉम्प्युटर २०१२ मध्ये बसून आजचं सर्टिफिकेट बघतो आणि म्हणतो हे तर अजून सुरूच झालेलं नाही. त्याच्या बाजूनं तो बरोबर आहे बिचारा.

तुमच्या दुकानात रात्री शटर ओढताना बोर्डावरचा मेन स्विच बंद करता ना? करत असणार, यार्डात सगळेच करतात आणि केलंही पाहिजे. पण सीपीयूचा प्लग चालू असेल तर ते घड्याळ भिंतीतल्या लाईटवर चालतं, सेलला फारसं काम नसतं. मेन बंद केला की रात्रभर आणि रविवारभर सगळा भार सेलवर. म्हणून घरच्या मशीनपेक्षा दुकानातल्या मशीनचे सेल लवकर बसतात. मेन बंद करायचं सोडू नका, सेल बदलत जा.

बदलणं अगदी सोपं आहे, तरी सावकाश करा. आधी एकदा बायोसमध्ये जाऊन सगळ्या पानांचे फोटो, जरी आत्ता तिथं डिफॉल्टच असलं तरी. मग प्लग काढा, नुसता स्विच बंद नको, वायरच काढा. पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बाजूचं झाकण उघडलं की सेल लगेच दिसतो, त्याच्या कडेला धातूची एक बारीक जीभ असते, ती नखानं बाहेर ओढली की सेल स्वतःच टुणकन वर येतो, स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायला जाऊ नका, खालचा पत्रा वाकला की नवीन सेल बसतो पण टेकत नाही. जुना ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं नवा. घड्याळवाल्याकडं मिळतो, गाडीच्या रिमोटमध्ये बऱ्याचदा हाच असतो. घेताना नंबर बघून घ्या, २०२५ पण अगदी तसाच दिसतो आणि तो पातळ असल्यानं सैल बसतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर माझ्याकडं पाण्यात बुडालेले सीपीयू टेम्पोनं आले होते, त्यातल्या कित्येकांचं बाकी सगळं वाळवून चालू झालं पण सेलखालचा पत्रा हिरवा पडलेला, तिथं नुसता सेल बदलून भागत नाही, पत्रा घासायला लागतो. तुमच्या दुकानात पाणी आलं असेल तर ते एकदा बघा.

सेल टाकल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ तिथंच लावा आणि सेव्ह करा. कधीकधी सेल संपल्यावर डिस्कचं किंवा बूटचं सेटिंग पण डिफॉल्टला जातं आणि मग विंडोजच सापडत नाही, लोक घाबरून फॉरमॅट मारून टाकतात. तुमचं विंडोज एफ१ नंतर उघडतंय म्हणजे तुम्हाला ती अडचण नाही. टॅलीतल्या त्या दोन एंट्र्या मात्र आजच शोधून काढा, मार्चमध्ये सीएंनी काढायच्या आत.

प्रश्न : दादा, मी कराडला शिकतो. विंडोज ११ टाकायचं होतं तर टीपीएम नाही म्हणून सांगतंय, सीपीयू इंटेलचा १० व्या पिढीचा आय५ आहे. रूमवरच्या मित्रानं व्हिडिओ बघून बायोसमध्ये काहीतरी सीएसएम नावाचं बंद केलं. आता मशीन चालू केलं की सरळ बायोसच उघडतंय, एक्झिट केलं की परत बायोस. प्रोजेक्ट त्यातच आहे. – एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तासगावच्या ताईंना आत जाता येईना आणि तुला बाहेर पडता येईना. प्रोजेक्ट जागेवर आहे, डिस्कला कुणी हात लावलेला नाही, आधी पाणी पी.

मित्रानं केलं ते पुढचं काम आधी केलं एवढंच. तुझं विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं, डिस्कची मांडणी पण जुनी, एमबीआर नावाची. सीएसएम म्हणजे नवीन बायोसनं जुन्या पद्धतीला दिलेली सवलत. ती सवलत काढून घेतली की मशीनला नव्या पद्धतीचं विंडोज शोधायला लागतं, ते सापडत नाही, मग जाणार कुठं, बायोसमध्येच बसून राहतं. परत बूटच्या पानावर जा, सीएसएम एनेबल कर, एफ१० मार. विंडोज उघडेल. उघडल्यावर सगळ्यात आधी प्रोजेक्टची कॉपी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढ, काढल्याशिवाय पुढचं वाचू नको.

मग विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाइप कर, तिथं बायोस मोड अशी ओळ आहे, तुझ्याकडं लेगसी दिसेल. विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये एमबीआर२जीपीटी नावाचं, डिस्कची मांडणी एमबीआरवरून नव्या जीपीटीवर नेणारं टूल आतच असतं, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी त्याचं नुसतं व्हॅलिडेट चालवायचं, ते हो म्हणालं तरच कन्व्हर्ट, आणि चालू विंडोजमधून करतोयस म्हणून दोन्ही वेळेला त्याला ॲलाउ फुल ओएस हा शब्द जोडायला लागतो. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं, तेव्हा जबरदस्ती नको. कन्व्हर्ट झालं की मग बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद, म्हणजे मित्राचीच पायरी, फक्त आपल्या जागेवर.

टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय, विंडोज ११ मागतं ती) तुझ्याकडं आहे. वेगळी चिप विकत घेऊ नको, काही जण घ्यायला लावतात. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी नावानं तो प्रोसेसरबरोबरच येतो आणि बऱ्याच बोर्डांवर बंद ठेवलेला असतो, सिक्युरिटी नाहीतर ॲडव्हान्स्ड नाहीतर ट्रस्टेड कॉम्प्युटिंग अशा कुठल्यातरी पानावर सापडेल, एनेबल कर. एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधायचं. सेक्युअर बूट (फक्त खात्रीचं, सही असलेलं विंडोजच उठू देणारं सेटिंग) त्याच्यानंतर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून सगळ्यांना आता घाई झालीय ते समजू शकतो, पण प्रोसेसर ८ व्या पिढीच्या आधीचा असला तर टीपीएम चालू करूनही ते अधिकृतपणे घेत नाही, तेव्हा जुन्या लॅपटॉपवाल्यांनी यासाठी रात्र जागवू नका.

लॅपटॉपवाल्यांना अजून एक, आणि हे खरंच महत्त्वाचं. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय) आपल्या नकळत चालू असतं. अशा वेळी बायोसमध्ये टीपीएम किंवा सेक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी निळी स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की लॅपटॉप सेट करताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं होतं त्या अकाउंटवर असते, आणि आपल्याकडं ते अकाउंट दुकानदारानं स्वतःच्या ईमेलनं उघडलेलं असतं! आधी की शोधून वहीत लिहा, मग आत जा.

प्रश्न : विट्यातून लिहितोय. सेकंडहँड लॅपटॉप घेतला, मस्त चालतो, पण बायोसमध्ये जायला गेलं की पासवर्ड मागतो. यूट्यूबवर म्हणतात सेल काढून पाच मिनिटांनी टाका, पासवर्ड जातो. करू का? – एक वाचक, विटा

उत्तर : नका करू, उपयोग होणार नाही. ते डेस्कटॉपवर चालतं, तिथं सेल काढला किंवा बोर्डवरचा क्लिअर सीएमओएसचा जंपर (दोन पिना जोडणारी बारीक टोपी) जोडला की पासवर्ड उडतो. लॅपटॉपमध्ये बहुतेक कंपन्या पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये लिहून ठेवतात, तिला सेल असला काय नसला काय, फरक पडत नाही. उगीच लॅपटॉप उघडून रिबन तोडून घ्याल.

बायोसला पासवर्ड साधा माणूस टाकत नाही हो, कंपन्या टाकतात. म्हणजे तो लॅपटॉप कुठल्यातरी ऑफिसचा होता आणि लॉटमधून बाहेर आला, किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गानं आला. ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडंच बिल घेऊन जा आणि म्हणा उघडून दे नाहीतर बदलून दे. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पण बिल आणि मालकीचा पुरावा बघितल्याशिवाय हात लावत नाही. बिल दिलंच नव्हतं म्हणाला तर मात्र मला वाईट शंका येते, आणि मग पासवर्डपेक्षा लॅपटॉपचीच काळजी करायला लागेल. यापुढं सेकंडहँड घेताना दुकानात उभं राहूनच एकदा बायोस उघडून बघत जा, गाडी घेताना आरसी बघतो तसं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१, वाईला असतो. बायोस आणि युईएफआय एकच का? आणि बूट हा शब्द कुठून आला, आमच्या नातवाला मी पायातला बूट सांगितला. – एक वाचक, वाई

उत्तर : गुरुजी, नातवाला चूक सांगितलेलं नाही. इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात, ती धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं अशी त्यांच्याकडं म्हण आहे, आणि मशीन पण स्वतःच स्वतःला उठवतं म्हणून बूट. म्हणजे पायातलाच.

बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास त्यांच्या सीपी/एम या सिस्टमसाठी वापरला. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला त्यात तो चिपवर बसला आणि घरोघर गेला. त्याची रचना फार जुनी, २ टेराबाइटच्या पुढची डिस्क जुन्या एमबीआर मांडणीत पूर्ण वापरताच येत नाही, म्हणून इंटेलनं नवीन पद्धत काढली आणि २००५ पासून अनेक कंपन्या मिळून ती युईएफआय नावानं सांभाळतात. तर वस्तू वेगळी पण काम तेच, आणि बोलताना सगळे, मी पण, बायोसच म्हणतो. बॉम्बेचं मुंबई होऊन इतकी वर्षं झाली तरी काही जण अजून बॉम्बेच म्हणतात ना, तसं.

प्रश्न : आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तासगाव रोडला. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग एका कॉम्प्युटरवर होतं. रात्री लाईट गेली की बंद पडतो आणि आली तरी तसाच बंद राहतो, सकाळी माणूस येऊन बटण दाबेपर्यंत रेकॉर्डिंग नाही. यूपीएस आहे पण वीस मिनिटांत बसतो. दुकानदार म्हणतो नवीन मशीन घ्या. – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नवीन मशीन नको, बायोसमधली एक ओळ बदला. पॉवर मॅनेजमेंट किंवा ॲडव्हान्स्डच्या पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं काहीतरी असतं, काही बोर्डवर त्याला 'एसी बॅक' म्हणतात, कुठं 'आफ्टर पॉवर फेल्युअर'. त्यात तीन पर्याय: पॉवर ऑफ, पॉवर ऑन आणि लास्ट स्टेट. तुमचं आत्ता बहुतेक पॉवर ऑफवर आहे.

लोक लास्ट स्टेट निवडतात, म्हणजे आधी चालू असेल तर चालू हो, ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडलेली असेल आणि बॅटरी संपत आल्यावर त्यानं विंडोज व्यवस्थित शटडाउन केलं असेल, तर मशीनच्या हिशोबानं शेवटची अवस्था 'बंद' हीच झाली, आणि ते लाईट आल्यावर बंदच राहतं. तुम्ही पॉवर ऑन करा. शिवाय विंडोज पासवर्डपाशी अडकणार नाही आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होईल हे पण बघायला लागेल, नाहीतर मशीन रात्रभर लॉगिनच्या स्क्रीनवर उभं राहील.

अजून एक, आपल्याकडं लाईट येते ती सरळ येत नाही, येते-जाते-येते आणि मग टिकते. त्या झटक्यात मशीन दोन-तीनदा उठून पडलं तर डिस्क लवकर जाते, म्हणून यूपीएसची बॅटरी बदलून घ्या, वीस मिनिटं चालला तरी तो झटका खायला पुरे. आणि आत गेलाच आहात म्हणून तिथं बायोस अपडेट वगैरे दिसलं तर अजिबात दाबू नका, ते चालू असताना लाईट गेली तर बोर्डच उठायचा नाही.

सगळं झालं की रविवारी दुपारी माल हलत नसताना मेन स्विच स्वतःच्या हातानं पाडा, यूपीएस बसेपर्यंत थांबा, वर दहा मिनिटं जाऊ द्या आणि परत चालू करा. मशीन उठून रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला का ते तिथं उभं राहून बघा, आणि लागला नाही तर बायोसच्या त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा.